काचेवर धबधबा पकडणारा माणूस

धबधब्याचा फोटो काढायला आज काय लागतं? बाइकमध्ये थोडं पेट्रोल, खिशात मोबाईल, आणि लेन्सवर तुषार उडू नयेत म्हणून मित्राने धरलेली छत्री. पावसाळ्यात रविवारी सकाळी होस्टेलवरून निघालेला ग्रुप रात्री मेसची वेळ गाठत परत येतो, तेव्हा प्रत्येकाकडे दोन-तीनशे फोटो असतात. त्यातले चार बरे निघतात. बाकीचे मेमरी भरली की डिलीट!

आता अशी कल्पना करा, की एकेका फोटोसाठी तुम्हाला जवळजवळ दोन किलो वजनाची काच लागते. ती काच, तिच्या मापाचा लाकडी कॅमेरा, केमिकलच्या बाटल्या आणि डार्करूमचा तंबू हे सगळं खेचरांवर लादून डोंगर चढायचा. धबधब्यासमोर पोचल्यावर तंबूच्या अंधारात ती काच तयार करायची आणि ती ओली आहे तोवरच फोटो काढून, पुन्हा तंबूत पळत येऊन तो धुवायचा. उशीर झाला, धूळ बसली किंवा खेचर घसरलं की सगळी मेहनत पाण्यात.

हे काम आयुष्यभर करणारा माणूस म्हणजे कार्लटन वॉटकिन्स. १८२९ ते १९१६ हा त्याचा काळ आणि अमेरिकेचा पश्चिम भाग ही त्याची कर्मभूमी. निसर्गाच्या फोटोग्राफीचा इतिहास लिहायला कोणीही बसलं, तरी त्याचं नाव पहिल्या काही पानांतच येतं. मला त्याच्यावर लिहावंसं वाटलं ते मात्र नुसत्या फोटोंसाठी नाही. त्याच्या फोटोंनी एका आख्ख्या दरीला कायद्याचं संरक्षण मिळवून द्यायला हातभार लावला, आणि त्याच माणसाच्या स्वतःच्या कामाला मात्र कुठलंच संरक्षण मिळालं नाही. हा उलटा हिशोब वाचताना माझ्या डोक्यातून जात नव्हता.

वॉटकिन्सचा जन्म ११ नोव्हेंबर १८२९ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ओनिओंटा नावाच्या छोट्या गावातला. आठ भावंडांत हा सगळ्यात मोठा. वडिलांची खानावळवजा सराई होती. त्याच गावात कॉलिस हंटिंग्टन नावाचा एक धडपड्या दुकानदार होता. कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याची बातमी आली आणि अर्धी अमेरिका पश्चिमेकडे धावत सुटली, तेव्हा हे दोघेही त्यात सामील झाले. सोनं खणण्यापेक्षा खणणाऱ्यांना फावडी-कुदळी विकण्यात जास्त पैसा आहे हे हंटिंग्टनला लगेच कळलं. पुढे तो सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचा एक मालक झाला आणि अमेरिकेतल्या बड्या श्रीमंतांत जाऊन बसला. वॉटकिन्सला सोनंही मिळालं नाही आणि दुकानदारीही जमली नाही. सुरुवातीला तो हंटिंग्टनचाच माल खाणींवर पोचवायचं काम करत होता.

फोटोग्राफीत तो आला तो अपघातानेच. रॉबर्ट व्हान्स नावाच्या फोटोग्राफरचे कॅलिफोर्नियात स्टुडिओ होते. असं सांगतात, की त्यातल्या एका स्टुडिओतला माणूस अचानक काम सोडून गेला आणि व्हान्सने तात्पुरती सोय म्हणून या तरुणाला तिथे बसवलं. गिऱ्हाईक आलं तर कॅमेऱ्यामागे उभं राहून फोटो काढल्याचं नाटक कर, मी येऊन खरे फोटो काढीन, एवढीच त्याला सूचना होती. पण नाटक करता करता हा खरंच शिकला. काही वर्षांतच त्याने सॅन फ्रान्सिस्कोत स्वतःचं काम सुरू केलं. सुरुवातीची कामं साधीच होती. खाणी, जमिनी, मोठ्या लोकांच्या इस्टेटी. जमिनीच्या भांडणात कोर्टात पुरावा म्हणून दाखवायचे फोटोसुद्धा त्याने काढले. मला वाटतं त्याची नजर इथेच तयार झाली. पुराव्याच्या फोटोत झाड कुठे संपतं आणि कुंपण कुठे सुरू होतं ते स्पष्ट दिसायलाच हवं, तिथे धूसरपणा चालत नाही. त्याचे पुढचे सगळे फोटो असेच स्वच्छ, शांत आणि काठोकाठ तपशिलाने भरलेले आहेत.

१८६१ साली तो योसेमिटी दरीत गेला. ग्रॅनाइटचे उभे कडे आणि त्यावरून कोसळणारे धबधबे यासाठी ही दरी आज जगप्रसिद्ध आहे. एकट्या योसेमिटी धबधब्याची एकूण उंची ७३९ मीटर भरते. त्या काळी मात्र तिथे जायला गाडीरस्ता नव्हता. पहिला गाडीरस्ता दरीत उतरला तो १८७४ मध्ये. शेवटचा टप्पा खेचरांच्या पायवाटेनेच करावा लागे. वॉटकिन्सच्या आधी १८५९ मध्ये चार्ल्स वीड नावाच्या फोटोग्राफरने तिथले फोटो काढले होते. पण वॉटकिन्सच्या डोक्यात काहीतरी मोठं होतं, आणि इथे मोठं हा शब्द अगदी शब्दशः घ्यायचा. त्याने एक प्रचंड कॅमेरा बनवून घेतला होता, १८ इंच बाय २२ इंच मापाच्या काचेवर निगेटिव्ह घेणारा. या काचांना मॅमथ प्लेट म्हणतात.

एवढा मोठा कॅमेरा कशाला, असं कोणालाही वाटेल. कारण त्या काळी फोटो एन्लार्ज करण्याची धड सोय नव्हती. निगेटिव्ह कागदावर ठेवायची, उन्हात धरायची आणि तेवढ्याच मापाचा प्रिंट काढायचा. मोठा फोटो हवा तर निगेटिव्हच मोठी हवी. मी सहज आकडेमोड करून पाहिली. आपल्या वडिलांच्या पिढीच्या रोलच्या कॅमेऱ्यात एक फ्रेम २४ बाय ३६ मिलिमीटरची असायची. वॉटकिन्सची प्लेट क्षेत्रफळाने तिच्या जवळजवळ ३०० पट मोठी! काचेची घनता साधारण २५०० किलो प्रति घनमीटर आणि जाडी ३ मिलिमीटर धरली तर एका प्लेटचं वजन १.९ किलो येतं. त्याच्या त्या पहिल्या मोहिमेत साधारण टनभर सामान आणि डझनभर खेचरं होती असं सांगतात, त्यात काही अतिशयोक्ती वाटत नाही.

आता प्रोसेस बघा. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये व्हायव्हाला उभं राहिल्यासारखंच आहे. आधी काच आरशासारखी स्वच्छ पुसायची. मग तिच्यावर कलोडियन ओतायचं. कलोडियन म्हणजे नायट्रोसेल्युलोज ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवून केलेला चिकट द्रव, त्यात आयोडाइडचे क्षार मिसळलेले असतात. काच चारी बाजूंनी तिरकी करत हा थर सगळीकडे सारखा पसरायचा. एवढ्या मोठ्या काचेवर हे किती अवघड असेल! मग अंधारात ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, म्हणजे थरात सिल्व्हर आयोडाइड तयार होतं आणि काच प्रकाशाला संवेदनशील होते. तशीच ओली काच होल्डरमध्ये घालून कॅमेऱ्याकडे पळायचं. एक्सपोजर द्यायचं, परत तंबूत यायचं, आयर्न सल्फेटने डेव्हलप करायचं, फिक्स करायचं, धुवायचं, वाळवायचं आणि वर व्हार्निश लावायचं. ईथर उडून गेलं आणि थर सुकला की काच निकामी. म्हणजे हाताशी फक्त काही मिनिटं. आणि हे सगळं उन्हाळ्यात, बंद तंबूत, ईथरच्या वासात.

या प्रोसेसचा धबधब्यांच्या फोटोंवर झालेला परिणाम फार गमतीदार आहे. ओल्या प्लेटला प्रकाश खूप लागायचा, त्यामुळे एक्सपोजर कित्येक सेकंदांचं, कधी त्याहून जास्त. पडणारं पाणी एका सेकंदातच कित्येक मीटर खाली गेलेलं असतं. त्यामुळे वॉटकिन्सच्या फोटोत पाण्याचे थेंब दिसतच नाहीत. दिसतो तो पांढऱ्या रेशमासारखा एक सलग पट्टा, आणि बाजूचा खडक मात्र भेगाभेगांसकट स्पष्ट. आज लोक हाच इफेक्ट मिळवायला ट्रायपॉड आणि काळे फिल्टर विकत घेतात. त्याच्याकडे दुसरा पर्यायच नव्हता. पण त्या मर्यादेचा उपयोग त्याला कळला. त्याच्या फ्रेममध्ये पाणी हलतं आणि दगड थांबतो, आणि त्या दोन्हींमधला फरक हाच फोटोचा विषय होऊन बसतो. प्लेटची आणखी एक खोड होती. तिला निळा प्रकाश फार पटकन लागायचा, त्यामुळे आकाश जळून पांढरं व्हायचं आणि ढग उमटायचेच नाहीत. त्याने मग कड्यांच्या कडा त्या कोऱ्या आकाशासमोर कशा सुरेख दिसतील तेच बघितलं.

त्या पहिल्या मोहिमेतून तो ३० मॅमथ प्लेट आणि सुमारे १०० स्टिरिओ फोटो घेऊन परतला. स्टिरिओ म्हणजे दोन डोळ्यांसाठी शेजारी शेजारी दोन चित्रं, भिंगाच्या खोक्यातून बघितली की थ्री-डी दिसणारी. एवढ्या सगळ्या खटाटोपातून मोठे फोटो फक्त तीस! पण हे तीस फोटो १८६२ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या गूपील गॅलरीत लागले आणि लोक थक्क झाले. देशात यादवी युद्ध चालू होतं. रणांगणावरच्या प्रेतांचे फोटो लोक बघत होते, आणि त्याच वेळी त्याच देशाच्या दुसऱ्या टोकाची ही शांत दरी त्यांच्यासमोर आली. ऑलिव्हर वेंडेल होम्ससारख्या नामवंत लेखकाने १८६३ मध्ये या फोटोंचं जाहीर कौतुक केलं.

१८६४ मध्ये कॅलिफोर्नियाचा सिनेटर जॉन कॉनेस याने एक विधेयक मांडलं. योसेमिटी दरी आणि तिच्याजवळचं प्रचंड सेक्वोया वृक्षांचं मॅरिपोझा वन हे कोणालाही विकू नये, ते कायमचं सगळ्या लोकांसाठी राखून ठेवावं, असं त्यात होतं. ३० जून १८६४ रोजी अब्राहम लिंकनने त्यावर सही केली. युद्धाच्या ऐन धुमश्चक्रीत! जगातलं पहिलं म्हणून ओळखलं जाणारं यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान याच्यानंतर आठ वर्षांनी, १८७२ मध्ये झालं. ज्यांनी मतं दिली त्यांच्यापैकी बहुतेकांनी ती दरी जन्मात पाहिली नव्हती. त्यांच्यासाठी योसेमिटी म्हणजे वॉटकिन्सचे फोटो. कायद्यात फोटोंचा वाटा नेमका किती टक्के, हे मोजायला कुठलं मीटर नाही. पण न पाहिलेल्या जागेवर मत द्यायला काहीतरी डोळ्यांसमोर लागतं, आणि ते त्याने दिलं होतं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. वॉटकिन्सच्या या फोटोंत माणसं जवळजवळ नाहीतच. बघणाऱ्याला वाटावं की ही दरी देवाने नुकतीच बनवून रिकामी ठेवली आहे. प्रत्यक्षात तिथे अहवाहनीची लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, आणि १८५१ मध्ये सशस्त्र तुकडी पाठवून त्यांना हुसकावण्यात आलं होतं. कॅमेरा खोटं बोलत नाही म्हणतात, पण फ्रेमच्या बाहेर काय राहिलं हे तो सांगतही नाही.

त्याचं नाव झालं, तसं आणखी एक गोष्ट झाली. पहिल्या फोटोंचा कॉपीराइट त्याने घेतला नव्हता. पूर्वेकडच्या प्रकाशकांनी त्यांच्या बिनधास्त नकला काढून विकल्या. त्याला एक पैसा मिळाला नाही. १८६७ पासून मात्र तो कॉपीराइट नोंदवू लागला. त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याच्या फोटोंना पदक मिळालं, आणि त्याच वर्षी तो त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात सुंदर प्रवासाला निघाला. तो प्रवास म्हणजे ऑरेगनमधली कोलंबिया नदीची घळ.

ही घळ कशी आहे ते आपल्याला समजायला सोपं आहे, कारण तिचा दगड आपल्या ओळखीचा आहे. सह्याद्री ज्या बसाल्टचा बनला तोच काळा कातळ, लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला. आपल्याकडचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तिकडचा बहुतेक दीड-पावणेदोन कोटी वर्षांपूर्वीचा. कोलंबिया नदीने कॅस्केड पर्वतरांग कापून त्यातून सुमारे १३० किलोमीटर लांबीची घळ पाडली आहे. हिमयुगाच्या शेवटी बर्फाची नैसर्गिक धरणं फुटून तिथे महापूर आले. त्यांनी घळीच्या भिंती अशा काही खरवडल्या की बाजूचे ओढे वरच लटकत राहिले. म्हणून त्या घळीत दर काही अंतरावर एक धबधबा. सगळ्यांत उंच मल्टनोमा, दोन टप्प्यांत मिळून १८९ मीटर.

वॉटकिन्स जुलै १८६७ मध्ये आगबोटीने पोर्टलंडला पोचला. जवळच्या विलामेट धबधब्याचे आणि त्याच्या काठच्या गावाचे फोटो काढून तो कोलंबियात शिरला. घळीतून जायला तेव्हा सलग रस्ता नव्हता. नदी हाच रस्ता. पण नदीत मध्येच रॅपिड्स, म्हणजे खडकांवरून उसळत जाणारं पाणी. तिथे बोट थांबायची, प्रवासी आणि माल उतरवून काठावरच्या छोट्या रेल्वेने रॅपिड्सच्या पलीकडे न्यायचा आणि पुन्हा दुसऱ्या बोटीत चढवायचा. असं कॅस्केड्सला एकदा आणि द डॅल्स ते सेलिलो या टप्प्यात पुन्हा एकदा. दोन किलोच्या काचा प्रत्येक वेळी चढवायच्या-उतरवायच्या. विचार करूनच घाम फुटतो! ही वाहतूक ज्या कंपनीच्या हातात होती तिची त्याला मदत होती, म्हणून तो हव्या त्या ठिकाणी थांबू शकला.

त्या काही महिन्यांत त्याने सुमारे ६० मॅमथ प्लेट काढल्या. मल्टनोमा धबधबा, नदीतून एकदम वर आलेला कॅसल रॉक, ईगल क्रीकची लाकडाची गिरणी, कॅस्केड्सचं उसळतं पाणी. आणि त्याचा सगळ्यात गाजलेला फोटो, सेलिलोजवळचं केप हॉर्न. त्यात नुकताच टाकलेला रेल्वेचा रूळ समोरून निघतो, काळ्या कड्याच्या पायथ्याला वळसा घालतो आणि शेजारी नदी स्थिर दिसते. कडा, पाणी आणि रूळ, बस्स. निसर्ग श्रेष्ठ की माणूस, असलं भाषण त्यात कुठेच नाही. दोन्ही एकाच फ्रेममध्ये शेजारी शेजारी ठेवलेत आणि निर्णय बघणाऱ्यावर सोडलाय. इंजिनीअरिंग शिकणाऱ्या प्रत्येकाने तो फोटो एकदा तरी बघावा. या घळीत ओनिओंटा नावाची एक अरुंद चीर आणि धबधबा आहे. ते नाव वॉटकिन्सनेच आपल्या गावावरून दिलं असं मानतात. घरापासून एवढ्या लांब आलेल्या माणसाला एखाद्या ओढ्याला गावाचं नाव द्यावंसं वाटलं असेल, तर होस्टेलवर राहणाऱ्या आपल्याला ते वेगळं समजावून सांगायला नको.

पुढची सात-आठ वर्षं त्याची भरभराटीची. सॅन फ्रान्सिस्कोत त्याची योसेमिटी आर्ट गॅलरी होती. १८७३-७४ च्या हिवाळ्यात चित्रकार मित्र विल्यम कीथबरोबर तो युटाला गेला, तेव्हा हंटिंग्टनच्या ओळखीमुळे त्याची डार्करूमची घोडागाडी थेट रेल्वेच्या उघड्या वाघिणीवर चढवून नेली. पण तो फोटोग्राफर जेवढा मोठा तेवढाच व्यवहारात कच्चा. गॅलरीसाठी त्याने कर्ज काढलं होतं. ऑगस्ट १८७५ मध्ये बँक ऑफ कॅलिफोर्निया बुडाली, पाठोपाठ मंदी आली आणि गॅलरी सावकाराच्या घशात गेली. गॅलरीबरोबर आतल्या सगळ्या निगेटिव्हसुद्धा गेल्या. योसेमिटी, कोलंबिया, सगळं. त्या निगेटिव्हवरून मग आयझेया टेबर नावाच्या फोटोग्राफरने प्रिंट काढून विकायला सुरुवात केली, खाली नाव टेबरचं. कायद्याने त्यात काही चूक नव्हती, कारण माल आता त्यांचा होता. रस्त्यावरून जाताना दुकानाच्या काचेत आपलाच फोटो दुसऱ्याच्या नावाने लावलेला बघणं काय असेल?

वॉटकिन्स तेव्हा शेहेचाळीस वर्षांचा होता. त्याने काय केलं, तर पुन्हा कॅमेरा उचलला आणि पुन्हा योसेमिटी गाठली. त्याच कड्यांसमोर, त्याच धबधब्यांसमोर उभं राहून त्याने नव्याने प्लेट काढायला सुरुवात केली. या फोटोंना त्याने नाव दिलं न्यू सिरीज, म्हणजे नवी मालिका. फक्त दोन शब्द, पण त्यात सगळं आलं. आपली सगळी फाईल हार्डडिस्कसकट उडाली तर आपण आठवडाभर जेवणार नाही. हा माणूस टनभर काचा घेऊन डोंगर पुन्हा चढला. १८७९ मध्ये, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, त्याने आपल्या स्टुडिओत काम करणाऱ्या फ्रान्सिस स्नीडशी लग्न केलं. त्यांना एक मुलगी आणि एक मुलगा झाला. मुलाचं नाव ठेवलं कॉलिस, हंटिंग्टनवरून.

१८८० च्या दशकात तो कोलंबियाला पुन्हा गेला. आता घळीतून रेल्वे धावत होती. १८८४-८५ च्या कडक हिवाळ्यात ती बर्फात अडकली, त्याचेही त्याने फोटो काढले. १८९० मध्ये तो मोंटानातल्या तांब्याच्या खाणीत उतरला. पण तोवर साठी आली होती आणि डोळे दगा देऊ लागले होते. ड्राय प्लेट आणि छोटे कॅमेरे आल्यामुळे आता कोणीही फोटो काढू शकत होतं. अवजड कॅमेऱ्याच्या या म्हाताऱ्याला काम मिळेना. १८९५-९६ च्या सुमारास भाडं थकलं आणि हे चौघांचं कुटुंब जवळजवळ दीड वर्ष मालगाडीच्या एका टाकून दिलेल्या डब्यात राहिलं. ज्या रेल्वेचे सुंदर फोटो त्याने जगाला दाखवले, तिचाच डबा. शेवटी हंटिंग्टनने कापे नावाच्या खोऱ्यात त्याला एक छोटी शेतजमीन दिली.

तरीही एक आशा होती. सॅन फ्रान्सिस्कोतल्या स्टुडिओत त्याच्या निगेटिव्ह आणि प्रिंट जपलेल्या होत्या, आणि स्टॅनफर्ड विद्यापीठ ते सगळं घेण्याच्या विचारात होतं. बोलणी चालू होती. १८ एप्रिल १९०६ च्या पहाटे भूकंप झाला, शहराला आग लागली आणि स्टुडिओ जळून खाक झाला. त्या दिवसांतला एक फोटो आहे. पांढरी दाढी, हातात काठी, आणि जवळजवळ आंधळ्या झालेल्या वॉटकिन्सला माणसं धरून रस्त्यावरून नेताहेत. आयुष्यभर दुसऱ्याचे फोटो काढणाऱ्याचा लक्षात राहणारा फोटो हा असावा, याचं फार वाईट वाटतं.

त्या धक्क्यातून तो सावरला नाही. १९१० मध्ये त्याला नापाच्या सरकारी मनोरुग्णालयात ठेवण्यात आलं. तिथेच २३ जून १९१६ रोजी तो गेला. रुग्णालयाच्या आवारात त्याला पुरलं. थडग्यावर नावसुद्धा नव्हतं.

इथे एक तारीख मला फार चटका लावते. ७ जून १९१६, म्हणजे त्याच्या मृत्यूच्या फक्त सोळा दिवस आधी, कोलंबियाच्या घळीतल्या नव्या हमरस्त्याचा समर्पण सोहळा झाला. सॅम्युएल लँकेस्टर या इंजिनीअरने बांधलेला हा रस्ता खास निसर्ग बघण्यासाठी आखलेला होता. चढ कुठेही पाच टक्क्यांपेक्षा जास्त नाही, वळणं सौम्य, आणि आखणी अशी की एक धबधबा मागे पडेपर्यंत पुढचा समोर यावा. मल्टनोमाच्या दोन टप्प्यांच्या मध्ये काँक्रीटचा नाजूक कमानी पूलही झाला होता. जिथे वॉटकिन्स आगबोट, रूळ, पुन्हा आगबोट करत काचा वाहत होता, तिथे आता लोक मोटारीत बसून जाणार होते, थांबून थांबून फोटो काढणार होते. पन्नास वर्षांपूर्वी ही वाट पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर अंधार होता. आणि त्याच वर्षी २५ ऑगस्टला अमेरिकेत नॅशनल पार्क सर्व्हिस स्थापन झाली.

मग त्याचं उरलं काय? निगेटिव्ह गेल्या, पण प्रिंट उरले. त्याने जे विकले, भेट दिले, ग्रंथालयांत आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत विखुरले, ते आगीच्या बाहेर होते. गंमत म्हणजे टेबरने स्वतःच्या नावावर विकलेले प्रिंटसुद्धा त्याच यादीत येतात. पुढे अभ्यासकांनी जगभरातून हे सगळं शोधून काढलं, कुठला फोटो खरा कोणाचा हे एकेक करून ठरवलं. २०११ मध्ये त्याच्या मॅमथ फोटोंची संपूर्ण सूची पुस्तकरूपाने निघाली, त्यात जवळजवळ १३०० फोटो आहेत. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये त्याच्या योसेमिटीच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं.

या फोटोंचं मोल आता आणखी एका कारणाने वाढलं आहे. कॅस्केड्सचे रॅपिड्स १९३८ मध्ये बॉनव्हिल धरणाच्या पाण्याखाली गेले. सेलिलोचा धबधबा, जिथे स्थानिक आदिवासी हजारो वर्षं सॅमन मासे पकडत होते, तो १० मार्च १९५७ रोजी द डॅल्स धरणाचे दरवाजे बंद केल्यावर काही तासांत बुडाला. उद्या आपल्यातलेच काही जण धरणं बांधतील, वीज तयार करतील, आणि ती लागणारच आहे. पण आपण जे बुडवतो ते आधी कसं होतं, याची नोंद कोणीतरी नीट ठेवलेली असावी. वॉटकिन्सने ती नकळत ठेवली.

योसेमिटीत मिरर लेक नावाचं तळं आहे. त्याच्या पाण्यात ज्या डोंगराचं प्रतिबिंब पडतं त्याचा वॉटकिन्सने सुरेख फोटो काढला होता, आणि त्या डोंगराला माउंट वॉटकिन्स असं नाव दिलं गेलं. म्हणजे त्याच्या नावाचा डोंगर आहे, पण नावाचा दगड थडग्यावर नव्हता.

आपण रोज कितीतरी फोटो, ड्रॉइंग, प्रोजेक्ट रिपोर्ट एकमेकांना पाठवतो. पुढे पाठवताना खालचं नाव पुसलं जातं आणि कोणाला काही वाटतही नाही. माझं एवढंच म्हणणं आहे, की काम ज्याचं आहे त्याचं नाव त्याच्याखाली राहू द्या. कोणी त्यासाठी डोंगर किती वेळा चढलंय, हे आपल्याला माहीत नसतं.